मदत हवी आहे: क्रूझवर दुसरी लेकरं नसतील तर आपली न्यावी का?

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. माझं खतं-औषधांचं दुकान आहे. टार्गेट झालं म्हणून कंपनीची डीलर टूर लागली आहे, यंदा क्रूझ आहे. फरक भरला तर फॅमिली नेता येते. पण बाकीचे डीलर एकेकटेच येऊन राहिले, लेकरं कोणीच आणत नाही म्हणे. आमची दोन आहेत. तिथं त्यांना गमेल का, म्हणजे करमेल का? शुक्रवारपर्यंत नावं कळवायची आहेत, कंपनीचा माणूस सारखा फोन करतो. बायको म्हणते नेऊ, आई म्हणते ठेवून जा. ज्यांनी लेकरं नेली त्यांनीच सांगा. गूगल करा म्हणू नका, तिथं नुसते फोटो आहेत.

सुमाताई_वर्धा
किती वर्षांची आहेत? बोट कुठून कुठे जाते? कोणत्या महिन्यात? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

नाना_वरूड
कायले नेता लेकरं? मी गेलो होतो असल्या टूरले, सिंगापूरहून. दिवसभर कंपनीचं भाषण, नवीन औषधाचं प्रेझेंटेशन, अन् रात्री काय होते ते तुमाले माहीत आहे. आपण हॉलमंदी अन् लेकरं केबिनमंदी टीव्ही पाहत. त्यापेक्षा त्याच पैशात घरच्यायले घेऊन वेगळे कुठं जा.

दारव्हेकर
मुंबईहून निघते, गोवा करून परत मुंबई. ३ रात्री. पोरं लहानच आहेत.

सुमाताई_वर्धा
दादा, लहान म्हणजे काय? दीड वर्षाचं पण लहान आणि दहाचं पण लहान. डायपरमध्ये असेल तर मोठ्या पूलमध्ये उतरू देत नाहीत, आणि किड्स क्लबमध्ये बहुतेक ठिकाणी तीन वर्षांखालचं मूल एकटं ठेवून घेत नाहीत. म्हणून विचारते आहे. आणि महिना राहिलाच.

समुद्रपक्षी_नागपूर
बिनधास्त न्या. मी दरवर्षी जातो. बहुतेक मोठ्या बोटींवर किड्स क्लब असतो, लेकरं तिथं सोडायची आणि आपण मोकळे. जेवण चोवीस तास काही ना काही चालू. फक्त केबिन खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मधोमध मागा, तिथं हलणं कमी जाणवतं. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर जास्त. बाल्कनीचा मोह सोडा.

मास्तर_आर्णी
महिना जानेवारी असेल तर थोरलं चौथीत आहे का ते पाहा. शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत असते. जानेवारीतच तर सराव पेपर असतात. आमच्या शाळेतले पालक नेमके तेव्हाच लग्नं काढतात, आता क्रूझ काढायला लागले.

दारव्हेकर
मास्तर, बरोबर धरलं. जानेवारीच आहे आणि मुलगी चौथीतच आहे. मुलगा साडेचारचा. डायपर वगैरे काही नाही. परीक्षेचं घरी बघून घेऊ, प्रश्न तो नाही. प्रश्न गमण्याचा आहे. आमचं घर एकत्र आहे, तिघा भावांची मिळून आठ लेकरं अंगणात असतात. ही दोघं कधी एकटी राहिलीच नाहीत.

निशा_यवतमाळ
आता कळलं. दादा, जानेवारीत शाळा चालू असतात, त्यामुळे बोटीवर लेकरं कमीच राहतील, टूर कोणाचीही असो. आम्ही शाळा सुरू असतानाच गेलो होतो. समुद्रपक्षी म्हणतात तसा क्लब होता, पण चार-पाचच लेकरं. मग वयाचे वेगळे गट करत नाहीत, सगळ्यांना एकाच खोलीत बसवतात. माझ्या सात वर्षांच्या पोराला दोन लहानग्यांसोबत जोकराचं चित्र रंगवायला दिलं. ते रंगवून झालं की पुन्हा जोकर. त्यानं दुसऱ्या जोकराला मिशा काढल्या आणि "मी खाली येतो" म्हणून निघाला. दुपारी क्लब बंद, जेवणाच्या वेळेला बंद. वेळापत्रक आधी मागून घ्या.

पण एक सांगते, कमी लेकरं असण्याचा फायदाही होतो. घसरगुंडीला रांग नाही. दुसऱ्या दिवशी डायनिंगमधल्या दादाला पोराचं नाव पाठ, तो विचारल्याशिवाय पापड आणून द्यायचा.

समुद्रपक्षी_नागपूर
तुमची बोट लहान असेल. चांगल्या बोटीवर असं होत नाही.

निशा_यवतमाळ
बोट लहान नव्हती, लेकरं कमी होती. तुम्ही दरवर्षी जाता ते मे महिन्यात ना? मेमध्ये अर्धा महाराष्ट्र बोटीवर असतो.

समुद्रपक्षी_नागपूर
दिवाळीतही गेलो आहे.

निशा_यवतमाळ
दिवाळीतही सुट्टीच असते, भाऊ.

काळी_कसदार
मला बोटीचं काही समजत नाही. पण या टूरचे पैसे कोण देते ते सांगतो. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची, आणि दुकानात गेलं की सोबत एक बाटली घ्याच म्हणतात. ती बाटली कोणत्या पिकाला लागते हे दुकानदारालाही माहीत नसते. अशा बाटल्या विकून टार्गेट झालं की गोवा.

दारव्हेकर
काळीभाऊ, लिंकिंग, म्हणजे युरियासोबत दुसरा माल गळ्यात मारणं, आम्ही करत नाही, आमच्यावर होते. युरियाच्या गाडीसोबत वरून माल लादून येतो, तो आम्ही कुठं टाकायचा? त्याचा वेगळा धागा काढा, मीच येतो तिथं बोलायला. इथं लेकरांचं बोला.

नाना_वरूड
काळीभाऊचं खरं आहे पण दारव्हेकरचंही खरं आहे. आम्हा संत्रावाल्यायले तं दोन्हीकडून मार.

झाडीपट्टीवाला
एवढ्या दूर कशाला? नवेगावबांधला तलाव आहे, जंगल आहे, बोटिंग आहे. लेकरांना पक्षी दाखवा. आपल्या भागातलं काही पाहायचं नाही आणि मुंबईला धावायचं.

मास्तर_आर्णी
दारव्ह्याहून मुंबईची गाडी धरणं हीच एक सहल आहे. शकुंतला, ती छोटी नॅरोगेज गाडी, होती तेव्हा निदान मूर्तिजापूरपर्यंत तरी लेकरांना खेळवत नेता यायचं. पळत उतरून पुन्हा चढता येईल इतकी तिची चाल.

दारव्हेकर
बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन कंपनी करून देते. गाडीचं नका सांगू. उद्या गुरुवार आहे.

सुमाताई_वर्धा
कंपनीच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: अख्खी बोट डीलरांसाठी घेतली आहे, की फक्त काही केबिन? अख्खी घेतली असेल तर लेकरं खरंच नसतील, क्लबला माणूस तरी ठेवतील की नाही कोण जाणे. काही केबिनच असतील तर बाकी प्रवासी नेहमीचे, त्यांची दोन-चार लेकरं सापडतील.

दुसरं, मुंबई सोडून थोडं आत गेलं की मोबाइलची रेंज जाते. लेकरांना मोबाइलवर गप्प बसवू असं मनात असेल तर कार्टून घरूनच उतरवून न्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो बोटीच्या नेटवर्कला लागतो आणि रोमिंगचं बिल येते. पत्ते न्या, व्यापारचा खेळ न्या.

नाना_वरूड
अन् ओवा न्या. उलटी झाली की ओवा चावायचा.

निशा_यवतमाळ
नाना, उलटी झाल्यावर काय ओवा चावेल लेकरू? गोळी निघायच्या आधी द्यायची असते, तीही डॉक्टरांना वजन सांगून विचारून. बाकी जानेवारीत समुद्र पावसाळ्यासारखा नसतो. ज्या लेकराला पुसदच्या घाटात एसटी लागते त्याचीच काळजी करा.

दारव्हेकर
विचारलं. अख्खी बोट नाही, एका मजल्यावरच्या केबिन आहेत. संध्याकाळी ७ ते १० मीटिंग आणि जेवण, तिथं लेकरं चालत नाहीत. म्हणजे बायको केबिनमध्ये बसणार. ती आता म्हणते, मग मी तरी कायले येऊ.

निशा_यवतमाळ
तुमच्या घरात आठ आहेत ना? मुलीच्या बरोबरीचं एखादं सोबत न्या. दहा वर्षांच्या लेकराला किड्स क्लब लागत नाही, एक जोडीदार लागतो. दोघी असल्या की साऱ्या बोटीवर हिंडतील, संध्याकाळी केबिनमध्ये पत्ते खेळतील.

नाना_वरूड
एकाले नेलं तं बाकीचे काय तोंड पाहत बसतीन? एकत्र घरात असा इस्तो लावू नका.

दारव्हेकर
नाना, तेच डोक्यात आलं. मधल्या भावाची मुलगी चौथीतच आहे, दोघी एका बाकावर बसतात. पण कंपनीवाला म्हणतो एका केबिनमध्ये चारच. खाली दोन, वर भिंतीतून उघडणारे दोन बर्थ. आम्ही पाच होतो. दुसऱ्या केबिनचा फरक ऐकून फोन ठेवला.

सुमाताई_वर्धा
साडेचारच्या लेकराला तसंही वरच्या बर्थवर झोपवू नका.

दारव्हेकर
रात्री सगळे बसलो. असं ठरलं: मुलगी आणि पुतणी येतील, धाकटा आजीजवळ राहील. त्याला इथं खेळायला बाकीची पाच आहेत, त्याला कळणारही नाही असं आई म्हणते. बायको "बघू" म्हणाली. पण नावं चारच कळवली. बाकीच्यांना उन्हाळ्यात शेगावला न्यायचं कबूल केलं आहे.

मास्तर_आर्णी
म्हणजे आता चौथीतल्या दोन मुली सरावाला नाहीत.

सुमाताई_वर्धा
पुतणीचं मूळ आधार जवळ ठेवा, नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नका. तिचे आईवडील सोबत नाहीत, तर दोघांच्या सहीचं संमतीपत्र करून घ्या, बहुतेक बोटी मागतात. नक्की कोणत्या नमुन्यात हवं ते आजच कंपनीवाल्याला विचारा, तिथं गेटवर नको.

काळी_कसदार
तेवढे दिवस दुकान उघडं राहील का? गव्हाला युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा आहे.

दारव्हेकर
भाऊ बसेल दुकानात. बाटली घ्या म्हणणार नाही.