चर्चा: "लिनक्स म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग" म्हणे!

गोदाकाठचा, नांदेड
काल एकानं इथंच टाकलं: "लिनक्स, बीएसडी हे रिकामटेकड्यांचे उद्योग. फुकटच्या वस्तूला वाली नसतो. विंडोज १० गेली, गपगुमान नवा कॉम्प्युटर घ्या." डोकंच फिरलं.

लिनक्स, बीएसडी म्हणजे विंडोजसारख्याच, पण फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम. वाली नसतो? डेबियन ही लिनक्सचीच एक आवृत्ती, १९९३ पासून चालू आहे. मालक कंपनी नाही, स्वयंसेवक मतदान करून प्रमुख निवडतात. उबंटू नावाची लिनक्स तिच्यावरच उभी, मिंट नावाची उबंटूवर. उलट वाली असलेल्या सेंटओएस ८ या लिनक्सचं काय झालं? २०२९ पर्यंत सपोर्टचा शब्द होता, रेड हॅट कंपनीनं २०२१ अखेरच गुंडाळली. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझं मशीन ठणठणीत आहे, पण टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही म्हणून विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. भंगारात घालू का?

डीटीपीवाला, लातूर
भाषण झकास, भाऊ. आता माझी जुनी पत्रिका मिंटवर उघडून दाखवा. फाईल कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची, फॉन्ट जुना श्रीलिपी. लग्नसराईत गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतंय आणि 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायलीय. मतदान घेऊ काय डेबियनमध्ये?

परभणीचा पोरगा
काका, तो दोष लिनक्सचा नाही. तुमचे फॉन्टच युनिकोडचे, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या एकाच अक्षर-संकेताचे, नाहीत. फॉन्ट नसलेल्या विंडोजवर टाका, तिथंही तीच खिचडी. नोटो, मुक्ता हे युनिकोड फॉन्ट वापरा, फुकट आहेत.

डीटीपीवाला, लातूर
मुक्तात पत्रिका छापली तर नवरीचा मामा तहसीलची नोटीस समजून परत करेल! आणि जुना माल बदलायचा कुणी? कन्व्हर्टरनं युनिकोडात काढलं की रफार भलत्याच अक्षरावर, 'ऱ्ह' मोडलेला. तुम्ही येऊन प्रूफं वाचता का?

परभणीचा पोरगा
वीस वर्षं एकाच कंपनीच्या फॉन्टात अडकून बसलात, आता आमच्यावर काय ओरडायलात?

डीटीपीवाला, लातूर
पोट भरायलो होतो, लेकरा. तू तेव्हा पाळण्यात होतास.

गुरुजी, हिंगोली
फॉन्ट राहू द्या. शाळेतली मशीनं ३२-बिट, म्हणजे जुन्या प्रोसेसरची. डेबियन १३ नं त्यांचा इन्स्टॉलरच काढला. हाच का तुमचा समाज? गरिबाला कंपनीनंही टाकलं, समाजानंही टाकलं.

बीएसडीप्रेमी
नेटबीएसडी ही बीएसडीची आवृत्ती अजून ३२-बिटवर चालते. पण तुम्हाला लिनक्सपुढं दिसतंय कुठं! दुरून सर्व्हरवर शिरायला रोज वापरता ते ओपनएसएसएच ओपनबीएसडी या दुसऱ्या बीएसडीवाल्यांचं, तेवढं तरी माहीत असू द्या.

गुरुजी, हिंगोली
या मग, चौथीच्या पोरांसमोर नेटबीएसडी घालून द्या. चहा माझ्याकडून.

सेतूवाला, बीड
डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावलं की तुमची सगळी क्रांती थांबते. ड्रायव्हर मिळाला तर साईट रुसते. माझ्या काउंटरवर रांग लागलेली असते, तिथं प्रयोग नकोत.

गोदाकाठचा, नांदेड
टोकनचं मान्य, तिथं मीही विंडोजच ठेवलीय. गुरुजी, ३२-बिटला डेबियन १२ अजून चालते, तेवढ्यावर भागवा. पण "वाली नसतो" हे मात्र मी ऐकून घेणार नाही.

डीटीपीवाला, लातूर
बरं बाबा, आहे वाली. घरच्या मशीनवर घातलीय मिंट, पोरगी त्यावर अभ्यास करायलीय, तक्रार नाही. दुकानात मात्र तुमचा बाप आला तरी नाही. त्या 'ऱ्ह'चं कुणी बोलणार आहे का?

परभणीचा पोरगा
बापावर जायचं काम नाही. फाईल पाठवा, बघतो. कोरलची नको, नुसता मजकूर.