दहावीनंतर सिव्हिल डिप्लोमा की बाबांच्या हाताखाली? भावासाठी विचारतेय

देवगडची_ताई:
नमस्कार सगळ्यांना. माझा धाकटा भाऊ यंदा दहावी झाला, ६८ टक्के. बाबा गवंडी आहेत, चिऱ्याची (जांभ्या दगडाची) घरं बांधतात, तालुक्यात त्यांच्या कामाला नाव आहे. भाऊ मे महिन्यात दरवर्षी त्यांच्यासोबत असतो, माल कालवतो, चिरे उचलून देतो. त्याला मालवणच्या शासकीय पॉलिटेक्निकला सिव्हिल करायचंय. बाबांचं म्हणणं, तीन वर्षं कशाला घालवायची, तेवढ्यात तो पक्का मिस्त्री होईल. पैशाचीही ओढाताण आहे हे खरं. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल पण बघितला, तो दोन वर्षांचा. ह्यातल्या माणसांनी सांगा, नंतर काम नक्की कशावर मिळतं?

साईटवरचा_रत्नागिरीकर:
ताई, मी स्वतः आयटीआय ड्राफ्ट्समन करून मग डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला गेलो, तोही रस्ता आहे, पण ६८ टक्के असतील तर सरळ डिप्लोमाचा फॉर्म भरा, रत्नागिरी आणि मालवण दोन्ही टाका. पुढे वाटलं तर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्या कोकणातच आहे.

आता बाबांना काय सांगायचं ते सांगतो. माझी दुसरी साईट किनाऱ्यालगत होती, ठेकेदाराने खाडीची रेती न धुताच वापरली आणि सळईखाली कव्हर ब्लॉकच्या (सळई उचलून धरणाऱ्या छोट्या काँक्रीट ठोकळ्यांच्या) जागी चिऱ्याचे तुकडे सारले. मी नवीन, तोंड उघडलं नाही. सहा पावसाळ्यांनी तिथे गेलो तर पडवीच्या स्लॅबचा खालचा गिलावा सुटलेला, सळई गंजून फुगलेली आणि बोटाने खरवडली तर पापुद्रे निघत होते. घरमालकाने आयुष्याची कमाई घातली होती हो त्यात. मिठाने सळई गंजते, गंज जागा जास्त घेतो म्हणून काँक्रीट फुटतं. समुद्राच्या वाऱ्यात उघड्या असलेल्या आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचा थर (कव्हर) सांगतं. हे असं का, ते डिप्लोमात शिकवतात. तिथे काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे (क्यूब) भरून सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी स्वतः फोडून बघतात, ते एकदा बघितलं की पोरगा मालात पाणी वाढवू देणार नाही.

चिरेबंदी:
माझं मत थोडं वेगळं. कॉलेजात आरसीसी शिकतील, चिऱ्याचं काम बाबाच शिकवणार. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, वाऱ्यावर राहिला की कडक होतो, कुठला लावायचा नि कुठला फेकायचा हे आमचे म्हातारे मिस्त्री थापीचा दांडा मारून आवाजावर सांगायचे. मी डिग्रीवाला, मला ते शिकायला चार वर्षं लागली. म्हणून डिप्लोमा करा पण दिवाळी नि मे महिन्याची सुट्टी बाबांसोबतच, आणि ओळंबा त्याच्या हातात द्या, नुसते चिरे उचलायला ठेवू नका. गावाकडे घर बांधणाऱ्या चाकरमान्यांना आज हेच हवंय, नकाशा समजणारा आणि चिराही समजणारा माणूस. असा मिळत नाही म्हणून आम्ही हैराण आहोत.

कुडाळ_वाचक:
फीचं बोलते. बाबांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का? वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी असली की मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते, डिप्लोमालाही. आमच्या शेजारच्यांनी नोंदणी वेळेत रिन्यू केली नाही आणि पोराचं एक वर्ष हुकलं, तेवढं बघा.

देवगडची_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना रात्री जेवताना सगळं वाचून दाखवलं. स्लॅबचं ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले वाडीतल्या एका घराचा स्लॅब मीच ओतला होता, तिथेही असंच झालं, मला वाटायचं सिमेंट खराब होतं. नोंदणी नव्हती, सोमवारी ९० दिवसांच्या दाखल्याला जातायत. भाऊ फॉर्म भरतोय. अजून एक विचारायचं राहिलं, रेती धुतली की नाही हे साईटवर साध्या डोळ्यांनी कळतं का? बाबांनाच हवंय हे.

साईटवरचा_रत्नागिरीकर:
डोळ्यांनी कळत नाही ताई. चिमूटभर जिभेवर ठेवून बघतात बरेच जण, खारट लागली तर वापरायचीच नाही, पण खारट नाही लागली म्हणून खात्री धरू नका, लॅबमधे क्लोराईड तपासून घ्यायचं. बाबांना माझा नमस्कार सांगा.