उधाण की भांग: खाडीवर गळ टाकण्याचा दिवस

छत्रपती संभाजीनगरहून दाभोळ खाडीवर जाताना अमावास्या गाठावी की अष्टमी, असे एका नवख्या गळवाल्याने विचारले आहे. माझ्या मते नवख्याला अष्टमीचा भांगच (भरती-ओहोटी सौम्य असते तो काळ) बरा, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात (मोठ्या भरती-ओहोटीत) पाण्याची ओढ एवढी असते की पैठणच्या नाथसागर जलाशयाच्या संथ पाण्यात रोहू-कटल्यासाठी वापरतो ते दोरीला बांधायचे हलके शिसे तळाला टिकतच नाही. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे आम्हा पैठणकरांच्या लवकर अंगवळणी पडत नाही. ओहोटी लागल्यावर, लहान ओहोळ खाडीला मिळतो तिथे जिवंत कोळंबी लावून गळ सोडावा. वाहत येणाऱ्या बोई माशांच्या पिल्लांवर जिताडा हा शिकारी मासा तिथेच टपलेला असतो. शेंगटी हा काटेरी मासा लागला तर मात्र गळ पकडीनेच सोडवावा. शेंगटीच्या पराचा काटा घुसून माझा अंगठा दोन दिवस ठणकत होता.