समुद्राचा कार्बन : जहाजे आता बंद करावीत काय?

टिळकवाडी, बेळगाव : २०१९ साली एका मानवरहित शिडाच्या नौकेने १९६ दिवसांत अंटार्क्टिकाला प्रदक्षिणा घातली आणि वाटेत हवेतील व पाण्यातील कार्बन डायऑक्साइड मोजला. यापुढे हे काम अशा नौकांवर आणि फ्लोटवर, म्हणजे समुद्रात तरंगत, खाली-वर होत मोजमाप करणाऱ्या स्वयंचलित यंत्रांवर, सोपवावे. संशोधन जहाजांवरचा खर्च अनाठायी आहे.

खानापूर : हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. फ्लोट कार्बन थेट मोजत नाही. तो पाण्याचा सामू (पीएच) मोजतो, क्षारता (खारटपणा नव्हे, आम्ल शमवण्याची पाण्याची क्षमता) अंदाजाने धरली जाते आणि त्या दोहोंवरून गणिताने आकडा निघतो. महिनोन्‌महिने पाण्यात राहिलेल्या संवेदकाचे वाचन हळूहळू चुकू लागते, म्हणून ते साधारण १५०० मीटर खोलीवरच्या, फारशा न बदलणाऱ्या पाण्याशी ताडून दुरुस्त करतात, आणि त्या पाण्याचा सामू आपल्याला जहाजांनी बाटल्यांत भरून आणलेल्या नमुन्यांवरूनच ठाऊक आहे. राखणीविना यंत्राचे काय होते ते आम्ही भोगले आहे. गावच्या स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाला कुजून बसला, धुवाधार पावसात नोंद शून्य झाली आणि त्याच शून्यावर बोट ठेवून आमचा पीकविमा नाकारला गेला.

निपाणी : बाई, आमच्याकडेही सोयाबीन पाण्यात कुजले आणि कागदावर पाऊस बेताचाच पडला. मंडळात एकच मापक आणि तोही झाडाखाली! दाद मागायला गेलो, तर यंत्र खोटे बोलत नाही असे सुनावण्यात आले.

टिळकवाडी, बेळगाव : पीकविम्याची गाऱ्हाणी इथे कशाला? नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यालगत कार्बनयुक्त खोल पाणी वर येते आणि समुद्र हवेत कार्बन सोडतो. अशा खवळलेल्या दर्यात जहाजे किती जातात, ते सांगा. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात २०१४ पासून सोडलेल्या फ्लोटनी हिवाळ्यातले जे उत्सर्जन दाखवले, ते जहाजांच्या तुरळक हिवाळी नोंदींत दिसलेच नव्हते.

खानापूर : गाऱ्हाणे म्हणून हिणवू नका, निगराणीविना मिळालेल्या आकड्यावर निर्णय घेतल्यास काय होते, हाच इथला प्रश्न आहे. हिवाळ्याचा मुद्दा मान्य करावाच लागेल. मात्र पुढे विमानांतून घेतलेल्या मोजमापांनी तो महासागर एकूणात बराच कार्बन शोषतो असे दाखवले आणि फ्लोटच्या आकड्यांवर शंका उपस्थित झाली, हे आपण का गाळलेत?

टिळकवाडी, बेळगाव : नमुन्यांपुरती जहाजे राहोत, एवढे मान्य. त्यांच्या फेऱ्या मात्र कमी कराव्यात, यावर मी ठाम आहे.

खानापूर : मग कोणत्या समुद्रातले नमुने सोडायचे, तेही लिहा.