ढाब्यासारखी शेवभाजी घरी: तर्री येत नाही, शेव विरघळते

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. धुळे-जळगाव महामार्गावर ढाब्यांवर मिळते तशी काळ्या रश्श्याची शेवभाजी घरी जमवायची आहे. सध्या चार माणसांसाठी जे प्रमाण वापरतो ते असं: बारीक चिरलेले कांदे २, टोमॅटो २, ओलं खोबरं अर्धी वाटी, आलं-लसूण पेस्ट १ चमचा, तेल ३ मोठे चमचे, काश्मिरी मिरची पूड २ चमचे, विकतचा गरम मसाला १ चमचा, पाणी ३ वाट्या, आणि फरसाणच्या दुकानातली नेहमीची पिवळी शेव.

होतं असं की रस्सा पंजाबी ग्रेव्हीसारखा लागतो, रंग विटकरी येतो, वर तर्री (तेलाचा लाल तवंग) दिसत नाही आणि पाच मिनिटांत शेवेचं पिठलं होतं. एकदा मसाला जास्त भाजून पाहिला तर कडू झाला. नेमकं कुठे चुकतंय?

गिरणाथडी

भाऊ, तुमच्या यादीतल्या निम्म्या वस्तू दुसऱ्याच भाजीच्या आहेत. दोन टोमॅटो आणि ओलं खोबरं घातलं की तो रस्सा काळा होणारच नाही. नाशिकच्या बाजूला काही जण एखादा टोमॅटो घालतात, पण खान्देशी काळ्या रश्श्यात आंबटपणाचं काम नाही. ओल्या खोबऱ्यात पाणी फार. ते भाजलं तरी गोडसर लागतं आणि रस्सा दुधाळ होतो. सुक्या खोबऱ्याची वाटीच हवी.

चार माणसांचं वाटण: मध्यम कांदे ३ (साधारण ३०० ग्रॅम), सुकं खोबरं ५० ग्रॅम, लसूण १५ ते २० पाकळ्या, आलं १ इंच, कोथिंबीर काड्यांसकट मूठभर.

कांदे सोलू नका. सालीसकट थेट गॅसच्या जाळावर जाळी ठेवून भाजा, दर दोन मिनिटांनी फिरवा. आठ-दहा मिनिटांत वरची साल कोळसा होते आणि कांदा दाबला की मऊ लागतो. राखेसारखा पापुद्रा काढून टाका, खालचा तपकिरी थर राहू द्या. बारीक चिरून तेलात परतलेल्या कांद्याला ही चव येत नाही. तो गोड होतो, करपट-धुरकट होत नाही. ढाब्याचा वास म्हणतात तो इथे तयार होतो.

खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून जाळावर धरा. त्यातलं तेल सुटून ती पेट घेते. घाबरायचं नाही, २०-३० सेकंद जळू द्या आणि फुंकून विझवा. बाहेरून काळी, आतून तांबूस, हे बरोबर. मोडल्यावर आतही काळी निघाली तर वाया गेली, तिने रस्सा कडू होणार. तुमचा कडूपणा यातूनच आला असावा, किंवा लसूण करपला असेल. लसूण भाजायची गरजच नाही, कच्चाच वाटणात घाला.

वाटताना पाणी अगदी कमी, ३-४ मोठे चमचे पुरे. पातळ वाटण तेलात पडलं की परतलं जात नाही, नुसतं शिजत बसतं.

फोडणी_भुसावळ

वरचं सगळं मान्य. तर्रीचं मी सांगते.

पहिली गोष्ट तेलाची. तीन मोठे चमचे म्हणजे ४५ मिली. तेवढं तेल वाटणातच मुरतं, वर काय येणार? चार माणसांना १०० मिली लागतंच, शेंगदाण्याचं असेल तर उत्तम. ढाब्यावर याहून जास्त असतं. कमी तेलाची शेवभाजी करायला हरकत नाही, फक्त मग तर्रीची अपेक्षा ठेवू नका.

दुसरी गोष्ट, मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून तिखट रश्श्यात वरून टाकून उपयोग नसतो. तेल तापलं की गॅस मंद करा आणि २ चमचे मिरची पूड घाला: एक रंगासाठी बेडगी किंवा काश्मिरी, एक तिखटपणासाठी नंदुरबारकडची. १० सेकंद हलवा आणि लगेच वाटण टाका. तेलातून धूर निघत असताना पूड टाकली तर ती क्षणात काळी पडते, रंगही जातो आणि ठसका बसतो तो वेगळाच.

आता परतणं. लोक इथेच घाई करतात. मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटं, तळाला लागेल तसं चमचाभर पाणी मारत. वाटणाचा गोळा होऊन कढईच्या कडा सोडू लागला आणि बाजूने तेल सुटलेलं दिसलं की काळा मसाला २ मोठे चमचे, हळद अर्धा चमचा. आणखी २ मिनिटं परता. तेल सुटायच्या आधी पाणी ओतलं तर ते नंतर सुटत नाही.

मग गरम पाणी १ लिटर. गार पाणी घातलं की तर्री येत नाही असं सगळे सांगतात. खरं तर गार पाण्याने भाजी बिघडत नाही, फक्त पुन्हा उकळी यायला वेळ जातो. बिघडते ती नंतरच्या खळखळीने. मोठ्या आचेवर रस्सा खदखदत ठेवला तर तेल रश्श्यात मिसळून जातं, वर येत नाही. एक उकळी आली की आच मंद करा, झाकण अर्धं ठेवा, १५ ते २० मिनिटं. गॅस बंद केल्यावर १० मिनिटं चमचा लावू नका. तर्री आपोआप वर जमते.

गावठी_चव

तर्री नही ते शेवभाजी कसानी? :)

एक भर घालतो. रस्सा दाट व्हावा म्हणून शेंगदाण्याचा कूट किंवा डाळ्याचं पीठ घालणारे बरेच आहेत. दोन्ही तेल धरून ठेवतात, तर्री वर येत नाही. शेव स्वतः बेसनाचीच आहे, ती पडली की रस्सा तसाही घट्ट होतो. म्हणून शेव घालण्याआधी रस्सा हवा त्यापेक्षा पातळच ठेवायचा.

पांझराकाठ

खूपच उपयोगी. दोन प्रश्न उरले. फ्लॅटमध्ये इंडक्शन आहे, जाळ नाही, मग कांदा-खोबरं कसं भाजायचं? आणि काळा मसाला घरी करायचा तर प्रमाण काय? कोळशाचा धुंगार दिला तर चालेल का?

सातपुडा_पायथा

इंडक्शनवर लोखंडी तवा वापरा, नॉनस्टिक नको. कांद्याचे सालीसकट दोन भाग करून कापलेली बाजू खाली ठेवा. तेल घालायचं नाही. मध्यम आचेवर १२-१५ मिनिटं न हलवता, मग उलटून ५ मिनिटं. ओव्हन असेल तर २३० अंशांवर २०-२५ मिनिटं, वरची कॉइल चालू ठेवून. खोबऱ्याचे पातळ काप करून त्याच तव्यावर गडद तपकिरी होईपर्यंत. जाळावरची चव शंभर टक्के येणार नाही, पण ओळखीची येते.

धुंगार शक्यतो नको. त्या धुराला तुपाचा वास असतो आणि रस्सा दाल तडक्याच्या वळणावर जातो. द्यायचाच तर तुपाऐवजी तेलाचा थेंब टाकून, दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही.

काळा मसाला, साधारण पाव किलो होईल: धणे १०० ग्रॅम, सुक्या लाल मिरच्या ७५, तीळ २०, जिरं १५, खसखस १०, शहाजिरं ५, मिरे ५, दालचिनी ५, दगडफूल ५, लवंग ३ ग्रॅम, आणि नगावर मसाला वेलची ४, चक्रीफूल २, तेजपान ५, हळकुंड १, हिंगाचा छोटा खडा. घरोघरी यात फरक असतो. काही जण मसाल्यातच भाजलेलं खोबरं घालतात, मी वाटणात आहे म्हणून इथे धरलेलं नाही.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. धण्यांना ५-६ मिनिटं लागतात, दगडफुलाला २० सेकंद. सगळं एकत्र टाकलं तर धणे कच्चे आणि दगडफूल जळकं. मिरच्या, लवंग, दालचिनी, हळकुंड चमचाभर तेलात तळसून घ्या, तीळ-खसखस कोरडी. मिरच्या तपकिरी-काळसर होईपर्यंत न्या, लाल राहिल्या तर मसाला काळा होत नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावू नका, वाफेने गोळे होतात. तीळ-खसखस असल्यामुळे दोन-तीन महिन्यांनी खवट वास येऊ लागतो, फ्रिजमध्ये ठेवा.

विकतचा गरम मसाला याला पर्याय नाही. त्यात वेलची-जायफळाचा गोडसर वास पुढे येतो आणि दगडफूल बहुतेक नसतंच.

सोऱ्या_आणि_झारा

सगळे रश्श्यावर बोलले, शेवेवर कोणी बोललं नाही. पिठलं होण्याचं कारण शेव हेच आहे.

खायची शेव आणि भाजीची शेव वेगळी. खायच्या शेवेत मोहन भरपूर, कधी सोडाही, म्हणून ती खुसखुशीत आणि आतून पोकळ. रस्सा पिते आणि फुटते. भाजीची शेव जाड, लालसर, टणक, मोहन कमी. धुळे-जळगावच्या दुकानात ‘भाजीची शेव द्या’ म्हटलं की मिळते, काही ठिकाणी तिला तुरखाटी शेव म्हणतात. ओळखायची खूण: दोन बोटांत दाबली तर भुगा होत नाही, काडकन मोडते.

घरी करायची तर: बेसन ५०० ग्रॅम, मिरची पूड २ चमचे, ओवा १ चमचा भरडून, हळद अर्धा चमचा, मीठ दीड चमचा, हिंग पाव चमचा, ८-१० लसूण पाकळ्या वाटून गाळलेलं पाणी. मोहन फक्त २ मोठे चमचे कडकडीत तेल. सोडा अजिबात नाही. लसणाचं पाणी धरून एकूण पाणी १८० ते २०० मिली, तेही थोडं थोडं. पीठ घट्ट, सोऱ्या फिरवताना हात भरून यायला हवा. सहज पडली तर पीठ सैल आहे, अशी शेव तेल पिते.

लसूण गाळूनच घ्या, नाहीतर कण छिद्रात अडकतात आणि शेव तुटक पडते. चकती सर्वांत जाड छिद्राची, शेव पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक. तळताना आच मध्यम. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरून दोन मिनिटांत लाल होते, आत मात्र कच्चं पीठ राहतं आणि तेच पुढे रश्श्यात गिच्च होतं. बुडबुडे जवळपास थांबले की काढा, ४-५ मिनिटं लागतात. त्याच दिवशी वापरू नका, रात्रभर उघडी गार होऊन कडक झालेली शेव रश्श्यात जास्त टिकते.

चार माणसांना १५० ते २०० ग्रॅम. रस्सा उकळता हवा. शेव टाका, एक मिनिट, गॅस बंद, दोन मिनिटांनी वाढा. ढाब्यावर शेव पातेल्यात कधीच पडलेली नसते. रस्सा सकाळपासून पातेल्यात मुरत असतो, ऑर्डर आली की कढईत दोन पळ्या रस्सा, मूठभर शेव, एक उकळी, ताटात. घरीही रस्सा सकाळी करून संध्याकाळी गरम केला तर फरक लगेच कळतो.

फोडणी_भुसावळ

मीठ राहिलं की! शेव खारट असते, म्हणून १ लिटर रश्श्याला सुरुवातीला सव्वा चमचाच. शेव पडून दोन मिनिटं झाल्यावर चव बघा, मग वाढवा.

आणि सोऱ्यादादा, पाहुणे मागे-पुढे जेवणार असतील तर शेव ताटात आधी आणि वरून उकळता रस्सा, हे जास्त सोपं नाही का? बारीक शेव असली तरी चालून जाते.

सोऱ्या_आणि_झारा

चालतं ताई, पण जाड शेव तशी आतून कोरडी राहते. तिला एक उकळी हवीच. बारीक शेवेसाठी तुमचीच पद्धत बरोबर.

पांझराकाठ

समजलं. याच रश्श्यात पाटोड्या घातल्या तर प्रमाण बदलावं लागेल का? आणि सोबत कळण्याची भाकरी करायची तर दळण कसं घ्यायचं?

गिरणाथडी

रस्सा तोच, पाणी सव्वा लिटर करा. बेसन १ वाटीला पाणी सव्वा वाटी, त्यात तिखट, मीठ, हळद, ओवा, लसूण. जिरं-हिंगाच्या फोडणीवर घोटून झाकण ठेवून ५ मिनिटं वाफ काढा. तेल लावलेल्या ताटात अर्धा इंच जाड थापा, वरून खोबरं-कोथिंबीर, पूर्ण गार झाल्यावर वड्या कापा. गरम कापल्या तर कडा फाटतात आणि तिथूनच रश्श्यात विरघळतात. वाढायच्या वेळी सोडायच्या, उकळत ठेवायच्या नाहीत. डुबुकवडे करायचे तर मात्र उलट: कच्चं भिजवलेलं पीठ थेट उकळत्या रश्श्यात सोडायचं आणि ८-१० मिनिटं शिजवायचं. तेव्हा पाणी दीड लिटर धरा, पीठ बरंच पाणी ओढतं.

कळण्याला ज्वारी १ किलो, सालासकट अख्खे उडीद २५० ग्रॅम, जाडं मीठ २ चमचे, सगळं एकत्र दळून आणा. पीठ फार बारीक नको. उडदामुळे चिकटपणा असतो, भाकरी थापताना मोडत नाही, फक्त साध्या भाकरीपेक्षा थोड्या मंद आचेवर भाजा. आणि दळणात मीठ आहे हे पीठ मळताना लक्षात ठेवा.