बेस जंपिंगचा पहिला कोर्स: ६२ उड्या आणि पॅराग्लायडिंग एवढ्यावर भागेल का?

सात_रस्ता
मंडळी, स्कायडायव्हिंगचा ए परवाना (पहिल्या पायरीचा) आहे, ६२ उड्या झाल्यात. शिवाय कामशेतला पॅराग्लायडिंगचे चाळीसेक तास. पुढच्या वर्षी अमेरिकेत आयडाहोच्या पेरीन पुलावर बेसचा, म्हणजे विमानाऐवजी पूल, कडा, इमारत, मनोरा अशा ठिकाणांवरून पॅराशूटनं उडी मारायचा, पहिला कोर्स करायचा विचार आहे. विचारायचं असं: एवढ्या उड्या पुरतात का? चार दिवसांच्या कोर्समध्ये नक्की काय करून घेतात? आणि सोलापुरात ना विमान, ना कडा, तर इथं घरी काय तयारी होऊ शकते? "जपून राहा" छापाची उत्तरं नकोत, आकडे द्या.

कंबर_तलाव
६२ पुरत नाहीत. बहुतेक ठिकाणी २०० उड्यांची अट असते, काही प्रशिक्षक १५० वर ऐकतात. पण आकड्यापेक्षा त्या उड्यांत काय केलं हे बघतात. २०० वेळा चार मित्रांचे हात धरून फिरलात आणि मैदानात कुठंतरी उतरलात, तर त्या २०० चा इथं उपयोग शून्य.

उरलेल्या उड्यांत हे करा. मोठी, सात कप्प्यांची कॅनपी (पॅराशूटचं कापडी छत) वापरा, छोट्या वेगवान कॅनपीचा मोह नको. दर उडीला जमिनीवर एक खूण ठरवा आणि दहा मीटरच्या आत उतरायची सवय लावा. ते जमलं की ब्रेक (कॅनपीची मागची कड खाली खेचणाऱ्या दोऱ्या) अर्धे ओढून खाली येत नेम साधा. वर, उंचीवर असतानाच, मागच्या रायझरनं (खांद्यापासून दोऱ्यांपर्यंतचा पट्टा) वळणं, ब्रेकमध्येच सपाट वळण, आणि कॅनपी नेमकी कुठं स्टॉल होते, म्हणजे उडणं सोडून कोसळते, ते पुन्हा पुन्हा करून हाताला कळू द्या. पॅकिंगही स्वतःच करायचं, पैसे देऊन दुसऱ्याकडून नाही.

संधी मिळाली तर हॉट एअर बलूनमधून दोन-चार उड्या घ्याच. विमानातून बाहेर पडताना विमानाच्या वेगाचा वारा लगेच अंगाला लागतो, त्यावर टेकून शरीर सावरता येतं. पुलावर तसा वारा नसतो. पहिले दोनेक सेकंद हातपाय हलवून काही बदलत नाही, पाय सुटताना जो कोन घेतला तोच पुढं वाढत जातो. खाली बघितलं की डोकं खाली जातं, आणि डोकं खाली असताना पायलट शूट (मुख्य कॅनपी बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट) फेकलं तर त्याची पट्टी पायात अडकू शकते. म्हणून नजर क्षितिजावर, छाती वर, दोन्ही पायांनी सारखा रेटा. बलूनमध्ये हा निवांत हवेतला प्रकार हजारो फुटांवर शिकता येतो, चूक झाली तर सावरायला उंची असते.

पॅराग्लायडिंगचा फायदा आहे, वारा वाचता येतो, स्टॉल ओळखता येतो. तोटाही आहे. ग्लायडर एक मीटर खाली येताना आठ-दहा मीटर पुढं जातो, बेसची कॅनपी जेमतेम अडीच-तीन. "अजून पोचेल" हा डोळ्याचा अंदाज तिथं फसतो आणि माणूस नदीत उतरतो.

हिप्परगा_काठ
कंबरदादांच्या उत्तराला जोडून कोर्सबद्दल.

पेरीन पूल पाण्यापासून ४८६ फूट, म्हणजे १४८ मीटर. वर्षभर, परवान्याशिवाय उडी मारता येते आणि खाली स्नेक नदी आहे, म्हणून नवशिक्यांना तिथं नेतात. शिवाय पुलाखाली मोकळं असतं. कॅनपी उलट्या तोंडानं उघडली तरी समोर भिंत नसते. कड्यावर ती असते.

आता खरी गोष्ट: हा कोर्स उडीचा कमी आणि पॅकिंगचा जास्त. स्कायडायव्हिंगची मुख्य कॅनपी सरावलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत भरतो. बेसची पहिली पॅकिंग दोन-अडीच तास खाते, हात बसल्यावरही तासभर लागतो. कारण साधं आहे, राखीव पॅराशूट नसतं. जे भरलंय तेच उघडणार, जसं भरलंय तसंच.

पहिली उडी बहुधा पीसीए (पायलट शूट असिस्ट) पद्धतीची. प्रशिक्षक तुमचं पायलट शूट हातात धरून उभा राहतो, तुमच्या वजनानं पट्टी ताणली जाते, कंटेनर (पाठीवरची पिशवी) उघडतं, दोऱ्या ताणल्या जातात आणि मग तो सोडतो. कॅनपी लवकर आणि बऱ्यापैकी सरळ उघडते. दुसरी पद्धत स्टॅटिक लाइन, त्यात प्रशिक्षकाच्या हाताच्या जागी पुलाला बांधलेली, ठराविक ताणाला तुटणारी दोरी. ते नीट जमलं की पायलट शूट स्वतःच्या हातात धरून एक सेकंद, मग दोन. पुढं जायचं की नाही हे उतरण्यावर ठरतं, धाडसावर नाही.

सात_रस्ता
धन्यवाद दादा. स्लायडर काढून पॅक करतात असं वाचलं, मग उघडताना झटका बसत नाही का? आणि १४८ मीटरवर तीन सेकंद थांबणं जमतं का?

हिप्परगा_काठ
झटका वेगावर असतो. स्लायडर हा दोऱ्यांवरून सरकणारा कापडी तुकडा, कॅनपी हळू उघडावी म्हणून. विमानातून पडताना ताशी १९०-२०० किलोमीटरवर तो नसेल तर कॅनपी किंवा बरगडी, काहीतरी फाटेल. पुलावरून दोन सेकंदांनी वेग ताशी सत्तरच असतो. तिथं स्लायडर ठेवलात तर कॅनपी उघडायला इतका वेळ घेईल की पाणी आधी येईल.

तीन सेकंदांचा हिशेब घ्या. एक सेकंदात ५ मीटर, दोनमध्ये २०, तीनमध्ये ४४. तिसऱ्या सेकंदाला वेग सेकंदाला २९ मीटर, म्हणजे ताशी १०५ किलोमीटर. त्यानंतर पायलट शूट फेकल्यापासून कॅनपी भरेपर्यंत आणखी तीस-पस्तीस मीटर धरा. उरले सत्तरेक. कॅनपी सेकंदाला चार-पाच मीटर उतरते, म्हणजे हातात पंधरा सेकंदांच्या आसपास. त्यात दोरी अडकली असेल तर ओळखायची, सोडवायची, वळायचं आणि नदीकाठच्या जागेवर यायचं. अनुभवी लोक करतात. कोर्समध्ये कशाला?

स्लायडर नसला की एक नवं संकट येतं, लाइन-ओव्हर. ब्रेकची दोरी कॅनपीच्या वरून पडते, कॅनपीला कंबर पडल्यासारखी दिसते आणि ती गरगर फिरू लागते. यावर दोन उपाय पॅकिंगमध्येच असतात. एक, टेलगेट: शेपटीकडच्या ब्रेकच्या दोऱ्या रबर बँडनं एकत्र धरून ठेवणारी छोटी पट्टी, कॅनपी भरू लागली की आपोआप सुटते. दुसरा, ब्रेकची दोरी रायझरवरच्या कडीतून न घालता मोकळी ठेवायची. मग दोरी वरून गेलीच तर त्या बाजूचं टॉगल (ब्रेकच्या दोरीची मूठ) सुटं करून सोडून द्यायचं, दोरी निघून जाते, आणि उतरायचं मागच्या रायझरवर. सवयीनं कडीतून घातलीत तर हा मार्ग बंद. म्हणूनच वर सांगितलं की रायझरवर वळायला आणि उतरायला आधीच शिका.

पायलट शूटही उंचीप्रमाणे बदलतं. दोन सेकंदांपर्यंत ४६ ते ४८ इंची, तीन-चारला ४२, आणि उंच कड्यावरून पूर्ण वेगात असाल तर ३२ ते ३६. कमी वेगाला छोटं लावलं तर ते ओढणार नाही. जास्त वेगाला मोठं लावलं तर इतकं जोरात ओढेल की कॅनपी विस्कटेल.

पार्क_चौक
काय बे, एवढं अमेरिकेला कशाला जायचं? आपल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी होती की!

कंबर_तलाव
मालक, ती जून २०२३ मध्ये पाडली 😀 आणि असती तरी नव्वदेक मीटर. तेवढ्यावरून नवशिक्याला स्टॅटिक लाइन किंवा पीसीएच. वर चिमणी म्हणजे पाठीशी धडकायला वस्तू: कॅनपी उलट्या तोंडानं उघडली तर पुढचा झोका भिंतीशी. मोबाइलचे मनोरे त्याहून वाईट, काहींना आधाराच्या ताणलेल्या तारा असतात. परवानगीशिवाय चढलात तर गुन्हा दाखल होईल तो वेगळाच.

आकडे हवेत ना, हा घ्या. नॉर्वेच्या केराग कड्यावर १९९५ ते २००५ या काळात २०,८५० उड्या नोंदल्या गेल्या, त्यात ९ मृत्यू. म्हणजे दर २,३१७ उड्यांमागे एक. तो कडा उंच आहे आणि तिथं सगळं शिस्तीत चालतं, तरी हे.

हिप्परगा_काठ
आता सोलापुरातल्या तयारीचं.

सगळ्यात कामाचा सराव म्हणजे टांगून घेतलेला हार्नेस (अंगावर बांधायचे पट्टे). घराच्या तुळईला किंवा मजबूत हुकाला चार पट्ट्या लावा, दोन पुढच्या रायझरच्या, दोन मागच्या. डोळे मिटून लटका. कुणीतरी मागून "डावीकडे भिंत" किंवा "समोर भिंत" असं ओरडेल, त्याच क्षणी डोळे उघडून हात थेट मागच्या रायझरवर जायला हवेत. टॉगल सोडवत बसायचं नाही, त्यात सेकंद जातो. भिंत डावीकडे असेल तर उजवा रायझर. समोर असेल तर दोन्ही खोल ओढून आधी पुढची चाल मारायची, मग वळायचं. रोज पन्नास वेळा, पंधरवडाभर. यात विचार करायला वाव राहता कामा नये.

पाण्यात उतरण्याचा सराव तलावात नाही, पोहायच्या तलावात, सोबत कुणीतरी असताना: अंगात सैल जुनं हार्नेस घालून छातीचा पट्टा सोडणं, पायाचे पट्टे सोडणं, बाहेर निघणं. स्नेक नदीचं पाणी गार असतं आणि वाहतं असतं, ओली कॅनपी माणसाला ओढते.

पॅकिंगचा सराव वापरलेली जुनी कॅनपी मिळाली तरच. त्यासाठी दोऱ्यांसकट वीस-बावीस फूट लांब सपाट जागा हवी, फ्लॅटच्या हॉलमध्ये बसत नाही. लग्नसराई नसताना मंगल कार्यालयाचा हॉल विचारा. गच्चीवर मात्र नको. हे कापड रिपस्टॉप नायलॉनचं, ठराविक अंतरावर जाड धागा टाकून चौकडी केलेलं; लूमवाल्या घरातल्यांना लगेच कळेल. सोलापूरच्या उन्हात पडून राहिलं तर अतिनील किरणांनी त्याची ताकद जाते, आणि गच्चीवरची वाळू दोऱ्यांच्या विणीत शिरून त्यांना आतून कापत राहते. खाली सतरंजी अंथरा.

आणि पंखा बंद ठेवायचा, नाहीतर घडी बसणारच नाही. मे महिन्यात हे सगळ्यात अवघड. पहाटे पाचला बसा.

सात_रस्ता
म्हणजे कोर्स पुढच्या वर्षी नाही. आधी १३८ उड्या, त्यातल्या चार बलूनमधून. जुनी २६० चौरस फुटी सात कप्प्यांची कॅनपी कुणाकडे असेल तर सांगा.

कंबर_तलाव
वजन किती? साहित्यासकट पौंडात काढा, भागिले कॅनपीचे चौरस फूट. उत्तर ०.७ च्या आसपास हवं. साहित्यासकट ८५ किलो असाल तर २६० बरोबर, ७० असाल तर २२० शोधा. घेण्याआधी दोऱ्या किती उड्यांच्या आहेत ते लेखी विचारा.