प्रतिसाद: इसारचं पाणी नेमकं जातं कुठे?

जर्मनीतल्या बव्हेरियाच्या इसार नदीबद्दलचा प्रश्न: "आल्प्सची नदी, मग क्र्यून गावाखाली नुसते गोटे का?" याचं उत्तर क्र्यूनच्या बंधाऱ्यात आहे. तिथून इसारचं पाणी कालव्याने वाल्खनझे तलावात वळवतात. पुढे सुमारे 200 मीटर खाली कोखेलझे तलावाकाठी 1924 पासून वीज होते. सहा जाडजूड पाइप, आठ टर्बाइन: चार फ्रान्सिस, चार पेल्टन (ही टर्बाइनच्या प्रकारांची नावं). पेल्टनची वीज खास रेल्वेची, घरगुती विजेसारखी 50 नव्हे, 16.7 हर्ट्झची!

पाणी पुढे लोइझाख नदीतून वोल्फ्राट्सहाउझेनपाशी परत इसारला मिळतं. मधला पट्टा मात्र उपाशी. 1990 पासून बंधाऱ्याखाली किमान प्रवाह सोडणं सुरू झालं. इसारवरचंच, क्र्यूनच्या खालचं 1959 चं सिल्व्हेनश्टाइन धरण पूर अडवतं, उन्हाळ्यात पाणी पुरवतं. पण वाळू-गोटेही अडवतं, म्हणून खाली पात्र खरवडलं जातं.